दोघांना एकच नंबर

दुसरबीड,
४ जानेवारी २०२६

चि. बाळू,

काल तुझ्या आत्याचा जावई मेहकरला जाता जाता घरी डोकावला. चहा घेताना सहज बोलून गेला, "बाळूच्या कंपनीत गडबड झाली म्हणे. दोन पेशंटना एकच नंबर पडला, याचा रिपोर्ट त्याच्या हातात गेला. नंबर पाडायचं काम बाळूकडेच होतं." तुझ्या आईच्या कानावर मी हे घातलेलं नाही. पण मला रात्री झोप लागली नाही. जावईबापूंना तिखटमीठ लावायची सवय आहे हे ठाऊक आहे, तरी खरं काय ते तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

ते नंबर कसे पाडतोस हे दिवाळीत तू लॅपटॉपवर मला दाखवलं होतंस. आधी तारीख, पुढे मॅथ-डॉट-रँडममधून काढलेला सहा आकडी नंबर. "लायब्ररी कशाला काका, तीन ओळींत होतंय," असंही म्हणाला होतास. सहा आकडी म्हणजे दहा लाख नंबर, ते कधी संपायचे, असा तुझा हिशोब. लेका, नंबर संपायची वाट कशाला बघायची? एका दिवसात १,२०० नोंदी झाल्या तरी त्यांतल्या कुठल्या तरी दोघांना एकच नंबर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. हे गणित तुला कॉलेजात शिकवलेलं आहे. एका खोलीत २३ माणसं जमली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचा संभव निम्म्यावर जातो, तेच हे.

आपल्या गल्लीत ज्ञानेश्वर तिघे आहेत. एक मळ्यातला, एक वेशीजवळचा, एक मास्तरांचा. गाव तोंडानं निभावून नेतं. मशीनला मळा नि वेस कळत नाही, त्याला नंबरच लागतो. आधारचं बघ. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. ते नंबर एकाच ठिकाणाहून निघतात, देण्याआधी तपासले जातात, बारावा आकडा तर चूक पकडण्यासाठीच ठेवलेला. तुमचं तसं नाही. तुमचा टॅब खेड्यात जातो, तिथं रेंज नसते, नर्सताई नोंद भरते आणि संध्याकाळी सगळं सर्व्हरवर चढतं. नोंद भरताना 'हा नंबर कुणाला दिलाय का' हे विचारायला कोणी नसतं. कुणालाही न विचारता प्रत्येकानं पाडलेला नंबर वेगळाच निघावा, यासाठीच तर यूयूआयडी आहे.

१२८ बिट. त्यातले सहा खुणेचे, उरलेले १२२ चौथ्या आवृत्तीत निव्वळ रँडम. सेकंदाला शंभर कोटी या वेगानं ८५-८६ वर्षं पाडत राहिलास, तर कुठं एखादी जोडी जुळण्याची शक्यता निम्म्यावर येते. आणि हे तुला फुकट मिळतं. पायथॉनमध्ये यूयूआयडी मॉड्यूल आहे, जावात आहे, तुझ्या ब्राउझरमध्ये क्रिप्टो-डॉट-रँडमयूयूआयडी आहे, फक्त साइट एचटीटीपीएसवर हवी. हे सगळे रँडम बिट ऑपरेटिंग सिस्टिमच्या भरवशाच्या झऱ्यातून घेतात. मॅथ-डॉट-रँडम त्यासाठी बनलेलंच नाही. पाडलेला नंबर डोळ्यानं तपासून बघ. डॅशनं तोडलेल्या तिसऱ्या गटाचा पहिला आकडा ४ हवा, चौथ्या गटाची सुरुवात ८, ९, ए किंवा बी यांपैकी एकानं. आणि तो छत्तीस अक्षरांचा मजकूर म्हणून साठवू नका, बऱ्याच डेटाबेसमध्ये यूयूआयडीचा वेगळा प्रकार असतो, सोळा बाइटमध्ये काम भागतं. इंडेक्स फुगतो अशी टीममध्ये कुरकुर असेल तर सातवी आवृत्ती घ्या. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ मध्ये ती आली. पुढं वेळ, मागं रँडम, त्यामुळं नोंदी क्रमानं लागतात. मात्र तिच्यातून नोंद कधी झाली ते कळतं. आणि कुठलीही आवृत्ती असो, यूयूआयडी म्हणजे पासवर्ड नव्हे. लिंकमध्ये नंबर आहे म्हणून रिपोर्ट उघडा ठेवायचा नाही.

लायब्ररी घेतली म्हणजे डोळे मिटायचे, असंही मी म्हणत नाही. गो भाषेतल्या एका नावाजलेल्या लायब्ररीत २०१८ साली एक बदल झाला आणि काही वेळा रँडम बाइट पुरते न भरताच नंबर बाहेर पडू लागले. पण ते पकडलं गेलं, बोभाटा झाला, लोक दुसऱ्या लायब्ररीकडे वळले. तुझ्या तीन ओळी कोण बघत होतं? म्हणून डेटाबेसमध्ये युनिकची अट घालायचीच. दुसऱ्याला तोच नंबर जायला लागला तर निदान नोंद तरी अडेल. ती अट घातली होतीस का? रात्रभर माझ्या डोक्यात हेच घोळत होतं.

आणि खरी भीती वेगळीच आहे. परवा फोनवर विचारलं, "कसं चाललंय?" तू म्हणालास, "ठीक आहे." हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे. मी मुंबईत कोडिंगच्या नोकरीला लागलो तेव्हा इंग्रजी अडखळायचं. शेजारच्या टेबलावर एक जाणत्या बाई बसायच्या, त्यांना सगळं यायचं. विचारलं तर गावंढळ ठरू, म्हणून त्यांना कधी काही विचारलं नाही. घरी तुझे बाबा दर पत्रात खुशाली विचारायचे, मी दर पत्रात 'ठीक' लिहायचो. दादाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की धाकट्याचं मुंबईत झकास चाललंय. एकदा तरी त्याला खरं लिहायला हवं होतं. त्याला कोडिंगमधलं ओ की ठो कळलं नसतं, पण रातोरात एसटी धरून आला असता.

जास्त बोललो असेन तर मनावर घेऊ नकोस. तू कामचुकार नाहीस, हे मला कोणी सांगायला नको. पंचविशीच्या पोराच्या हातात कोणी न तपासता असलं काम दिलं, यात तुझ्या वरच्यांचाही वाटा आहे. झालेला घोळ निस्तरता येतो. ग्रुप बाय लावून दुबार नंबर काढ, किती जण सापडतात ते बघ, त्यांना नवे नंबर दे.

पण त्याआधी एक कर. उद्या सकाळी तुझ्या लीडकडे जा आणि तो कोड माझा आहे, असं स्वतःहून सांग. ज्या दोघांचे रिपोर्ट बदलले त्यांना डॉक्टरांकडून आधी फोन जाऊ दे, कोडचं नंतर बघा. नोकरीवर आलं तर येऊ दे, घर आहे, जमीन आहे, मी आहे. १२ तारखेला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती आहे, जमलं तर दोन दिवस काढून ये. आईला तुझ्या डोळ्यांची काळजी वाटते, चष्म्याचा नंबर वाढला म्हणालास म्हणून. जेवण वेळेवर कर. आणि रात्री कितीही वाजले तरी मला फोन कर, खरं काय ते सांग.

तुझा,
काका