पुठ्ठ्याचे छायाठसे

आपणांस चित्र काढता येत नाही, असे ठरवून बसलेली मुले प्रत्येक वर्गात आढळतात. हा उपक्रम प्रथम त्यांच्याकडून करवून घ्यावा. छायाकृतीत डोळे, नाक यांना स्थान नसते. सर्व भिस्त बाह्यरेषेवर असते. समोरून काढलेला बैल म्हणूनच ओळखू येत नाही. बाजूने काढल्यास शिंगे, वशिंड व शेपटी त्याची ओळख पटवितात.

वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर आकृती काढून ती मुलांनीच कापावी. शिक्षकाने कापून दिलेला बैल सुबक होतो खरा, परंतु त्यात मुलाचे निरीक्षण नसते. आकृती दुसऱ्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून पूर्ण वाळू द्यावी. नंतर गेरू डिंकाच्या पाण्यात दाट कालवून चिंधीच्या बोळ्याने तिच्यावर टिपावा. रंग पातळ असल्यास कडेबाहेर पसरतो आणि शिंगे बुजतात. बहुतेक ठसे येथेच बिघडतात. वर कागद ठेवून तळहाताने सर्वत्र दाबावा व एका टोकाकडून अलगद उचलावा.

डावीकडे तोंड असलेला बैल कागदावर उजवीकडे पाहतो. हे आधी सांगू नये. एखादा मुलगा बैलाखाली आपले नाव कापून लावील व ते उलटे उमटेल. कारण त्यालाच शोधू द्यावे.