घरच्या डीव्हीडीची प्रत कशी काढावी?

तुमच्या घरच्या कपाटात एखादी डीव्हीडी बहुधा सापडेलच. कुणाचे लग्न, कुणाची मुंज, कदाचित तुमचे स्वतःचे बारसेही तिच्यावर असेल. मागे माझी एक विद्यार्थिनी अशीच एक तबकडी घेऊन आली. तिच्या मावशीचे लग्न २००८ साली झाले, त्याचे ते चित्रण. घाणा भरताना तिची आजी ओव्या म्हणते, तो भाग तीत होता. आजी आता हयात नाही. तबकडी कपाटातून फारशी बाहेर निघाली नव्हती. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता. तरी मंगलाष्टके संपली की चित्र थिजत होते. "सर, ओरखडा नाही, मग बिघडले काय?" असा तिचा प्रश्न होता. प्रश्न मोठा चांगला आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता प्रत कशी काढावी, हेही आपल्याला कळेल.

खड्डे आणि डाग

दुकानात विकत मिळणारी चित्रपटाची डीव्हीडी साच्यातून काढलेली असते. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकवर साच्याने सूक्ष्म खड्डे उमटवतात व त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर देतात. वाचणारा लेसर तांबडा, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. खड्ड्याच्या तळावरून आणि भोवतालच्या सपाट भागावरून परतणाऱ्या तरंगांत सुमारे अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. असे तरंग एकमेकांना मारक ठरतात, म्हणजेच व्यतिकरण होते आणि परतणारा प्रकाश मंदावतो. या उजेड-मंदीच्या बदलांतून ० आणि १ हे अंक वाचले जातात.

हे खड्डे एका सर्पिल वाटेवर असतात. वाटेच्या दोन वेढ्यांमधले अंतर अवघे ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. लेखन केंद्रापासून २४ मिलिमीटरवर सुरू होते आणि ५८ मिलिमीटरवर संपते. या कड्याच्या क्षेत्रफळाला वेढ्यांमधल्या अंतराने भागा. वाट जवळजवळ १२ किलोमीटर लांब भरेल!

घरी संगणकावर लिहिलेल्या तबकडीत मात्र असे खड्डे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो व त्यामागे चकाकता धातू. लिहिताना लेसरची शक्ती वाचतानापेक्षा कित्येक पटींनी वाढवतात. जेथे शलाका पडते तेथले रंगद्रव्य तापून बदलते आणि तेवढ्या जागेवरून प्रकाश कमी परततो. खड्ड्याचे काम हा डाग करतो. लिहिण्याला 'बर्न करणे' म्हणतात ते यामुळेच. अशी डीव्हीडी उलटी करून पहा. ती बहुधा जांभळट दिसेल. साच्यातली तबकडी रुपेरी दिसते.

आता उत्तर जवळ आले. साच्यातला खड्डा प्लॅस्टिकमध्येच कोरलेला असतो. रंग मात्र विटतो. खिडकीतल्या पडद्याचा विटतो, तसाच तबकडीतलाही ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हळूहळू विटतो. डाग आणि कोरी जागा यांतला फरक पुसट होत जातो. त्यासाठी ओरखडा पडावा लागत नाही.

बिघाड लपतो कसा?

पण मग चित्र आधी थोडे, मग जास्त, असे हळूहळू का बिघडत नाही? याचे कारण एका सुंदर गणितात आहे. पुढील कोष्टक पहा. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक स्तंभाखाली बेरीज लिहिली आहे.

४  ७  २ | १३
५  १  ९ | १५
८  ३  ६ | १७
—————
१७ ११ १७

समजा, ९ हा अंक पुसला गेला. दुसऱ्या ओळीची बेरीज १५ आहे. तीतून ५ आणि १ वजा केले की ९ परत मिळतो. ५ आणि ९ दोन्ही पुसले गेले तर ओळ उपयोगी पडत नाही, पण स्तंभ दोन्ही अंक सांगतात. आता ४, ७, ५ आणि १ हे चारही अंक पुसून पहा. ओळी-स्तंभांच्या बेरजा जुळवणारी उत्तरे एकाहून अधिक निघतात आणि खरे कोणते, ते कळत नाही.

डीव्हीडीवर असेच कोष्टक असते. फक्त ते १९२ ओळी आणि १७२ स्तंभांचे असते. साध्या बेरजेऐवजी तेथे रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली पद्धत वापरतात. प्रत्येक ओळीला १० व प्रत्येक स्तंभाला १६ जादा अंक जोडलेले असतात. त्यामुळे रंग विटू लागला तरी कित्येक वर्षे चित्र निर्दोष दिसते. चुका वाढत असतात, पण त्या दुरुस्तही होत असतात. मर्यादा ओलांडली की मात्र चित्र एकाएकी थिजते. म्हणून 'आज नीट चालते' याचा अर्थ 'उद्याही चालेल' असा होत नाही. प्रत काढायची ती तबकडी नीट चालत असतानाच!

प्रत काढताना

१. तबकडी मऊ सुती कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा वाटेच्या दिशेने जातो व एकाच कोष्टकातले पुष्कळ अंक खातो. सरळ ओरखडा अनेक कोष्टकांत थोडे थोडे नुकसान करतो आणि ते भरून निघते.

२. नव्या संगणकात बहुधा डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह चालतो. प्रथम संपूर्ण तबकडीची आयएसओ प्रतिमा हार्ड डिस्कवर घ्या. एका ड्राइव्हवर वाचन अडले तर दुसऱ्यावर करून पहा. प्रत्येक ड्राइव्हची नजर थोडी वेगळी असते.

३. चित्रण दुसऱ्या स्वरूपात बदलून तेवढेच ठेवू नका. आपल्याकडच्या डीव्हीडीतले चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे व सेकंदाला २५ चित्रे असे असते. ते न आवळता ठेवले तर सेकंदाला सुमारे १५.५ मेगाबाइट लागतील आणि ४.७ गिगाबाइटची तबकडी पाच मिनिटांत भरेल! म्हणून एमपेग-२ पद्धतीने बारकावे गाळून ते आवळलेले असते. पुन्हा आवळले की आणखी बारकावे जातात. अंकांची जशीच्या तशी नक्कल केली तर काहीच जात नाही. व्हिडिओ कॅसेटची प्रत दर वेळी फिकी होई; अंकांची शंभरावी प्रतही पहिलीसारखीच असते.

४. नवी तबकडी बर्न करताना 'प्रतिमा लिहा' हा पर्याय निवडा. नुसती आयएसओ फाइल टाकली तर ती प्लेअरवर चालणार नाही. वेग मध्यम ठेवा आणि शेवटी 'पडताळणी' अवश्य करा.

५. एक प्रत तबकडीवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या नातेवाइकांच्या घरी ठेवा. तबकड्या उन्हापासून दूर, कोरड्या जागी उभ्या ठेवा.

हे सारे घरच्या चित्रणासाठी आहे. बाजारातल्या चित्रपटांवर निर्मात्यांचा हक्क असतो. त्यांच्या प्रती काढून वाटणे बेकायदा आहे.

करून पहा

एक निकामी डीव्हीडी व एक निकामी सीडी घ्या. पुठ्ठ्याला मध्ये भोक पाडा व त्यातून तांबड्या लेसर पॉइंटरची शलाका १० सेंटिमीटरवर समोर धरलेल्या तबकडीवर सरळ पाडा. केंद्राच्या डाव्या किंवा उजव्या बाजूचा भाग निवडा. पुठ्ठ्यावर भोकाच्या दोन्ही बाजूंना तांबडे ठिपके दिसतील. सीडीचा पहिला ठिपका भोकापासून सुमारे साडेचार सेंटिमीटरवर, तर डीव्हीडीचा सुमारे १८ सेंटिमीटरवर पडतो. वेढे जितके जवळ, तितका ठिपका दूर. शलाका किंवा तिचे परावर्तन डोळ्यात जाऊ देऊ नका. शिक्षकांच्या देखरेखीखालीच प्रयोग करा.

आता त्या विद्यार्थिनीच्या तबकडीचे काय झाले, ते सांगतो. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. घाणा भरण्याचा प्रसंग आरंभीचा, म्हणून केंद्राजवळ होता. तो पूर्ण उतरला. पाठवणी कडेला होती. तीन ड्राइव्ह वापरूनही ती मिळाली नाही. आजीचा आवाज वाचला, पण मावशीला निरोप देणारे आजोबा गेले ते गेलेच. हीच प्रत पाच वर्षे आधी काढली असती तर कदाचित दोघेही मिळाले असते. तुमच्या कपाटातली जांभळी तबकडी या रविवारीच बाहेर काढा.