ध्रुपद, कडवे आणि नाममुद्रा : तुकडोजी महाराजांच्या भजनांची घटकरचना

गेय रचनेचे ध्रुपद, कडवे (अथवा अंतरा) आणि नाममुद्रा हे घटक मराठी वाचकाला परिचित आहेत. परंतु हे घटक कोणासाठी आहेत आणि ते प्रत्यक्षात कोण म्हणते, हा प्रश्न मुद्रित संहितेसमोर बसून सहसा विचारला जात नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या भजनांचा विचार करताना मात्र तो टाळता येत नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या आणि १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना करणाऱ्या या संतकवीची भजने समुदायाने म्हणावयाची, खंजिरीच्या ठेक्यावर चालणारी रचना आहे. तिची घटकरचना ही मुळात म्हणणाऱ्या व्यक्ती आणि प्रतिसाद देणारा समुदाय यांच्यातील कार्यविभागणी आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. घटकांची पूर्वपीठिका

देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात प्रबंधाचे उद्ग्राह, मेलापक, ध्रुव आणि आभोग असे चार घटक सांगितले आहेत. त्यांपैकी मेलापक व आभोग वगळता येतात. ध्रुव मात्र वगळता येत नाही, म्हणूनच तो ‘ध्रुव’ म्हणजे स्थिर होय. रचनाकाराचे नाव आभोगात गुंफण्याचा संकेतही तेथे नोंदलेला आहे. ध्रुपद आणि नाममुद्रा या दोन्ही कल्पनांचा शास्त्रीय पूर्वज असा महाराष्ट्राच्या भूमीवरच भेटतो. लोकव्यवहारात ‘धृ.’ असे लिहिले जात असले, तरी व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘ध्रु.’ हेच रूप योग्य ठरते.

अभंगपरंपरेत या संकेताचे एक वेगळे रूप दिसते. तुकारामांच्या गाथेच्या मुद्रित प्रतींत ‘ध्रु.’ ही खूण बहुधा दुसऱ्या कडव्यापाशी आढळते. म्हणजे अभंगाचा आरंभ एक असतो आणि वारंवार परतण्याचे स्थान दुसरे असते. तुकडोजी महाराजांच्या भजनांत सामान्यतः प्रारंभ आणि परतण्याचे स्थान एकच असते. पहिली ओळ कानावर पडताच समुदायाला आपला वाटा मिळतो. अक्षरओळख नसलेल्या, भजन प्रथमच ऐकणाऱ्या श्रोत्यालाही दुसऱ्या आवर्तनापासून गायनात सामील होता यावे, अशी ही योजना आहे.

२. ध्रुपद : समुदायाचा उच्चार

‘या झोपडीत माझ्या’ हे त्यांचे प्रसिद्ध भजन येथे उदाहरणादाखल घेता येईल. त्याचे वृत्त आनंदकंद आहे. प्रत्येक कडव्यात चार अर्धचरण असून पहिले तीन परस्परांशी यमक साधतात. चौथ्या अर्धचरणाच्या जागी शीर्षकातील शब्दच परत येतात. येथे ध्रुपद कडव्याबाहेर स्वतंत्र उभे नसून कडव्याच्या अंगातच विणलेले आहे. तीन यमकांनी निर्माण केलेली अपेक्षा चौथ्या स्थानी पूर्ण होते, आणि ती पूर्ण करण्याचे काम समुदायाकडे येते. महाल, पहारे, तिजोऱ्या यांचे वर्णन पुढे म्हणणारा करतो. ते सारे झोपडीकडे वळवून आणतो तो समुदाय.

या रचनेमुळे ‘माझ्या’ या सर्वनामाचा अर्थ पालटतो. एकट्या वाचकाला तेथे विरक्त संताचे मनोगत दिसते. सामुदायिक गायनात मात्र तेच सर्वनाम प्रत्येक म्हणणाऱ्याचे होते. वऱ्हाडातील शेतमजूर ते म्हणतो तेव्हा झोपडी रूपक उरत नाही. या भजनावर दारिद्र्याचे उदात्तीकरण केल्याचा आक्षेप घेता येईल, आणि केवळ घटकरचनेच्या आधारे त्याचे संपूर्ण निरसन होत नाही. तथापि ज्याच्या घराची महालाशी तुलना होते त्याच्याच मुखी निर्णायक शब्द ठेवलेले आहेत, याची दखल घेतल्याशिवाय तो आक्षेप नीट मांडताही येणार नाही.

३. कडवे : पुराव्यांची मालिका

‘मनी नाही भाव’ या भजनाची बांधणी निराळी आहे. त्याचे ध्रुपदच संवादात्मक आहे : भाव नसताना देवाकडे मागणे मागणाऱ्याचा स्वर आणि त्याला लगेच मिळणारा नकार एकाच घटकात एकत्र येतात. कडव्यांत मातीचा, सोन्याचांदीचा, लाकडाचा देव आणि त्या प्रत्येकाला असलेले पाण्याचे, चोराचे, अग्नीचे भय अशी मालिका येते. वस्तू बदलतात, वाक्यरचना तीच राहते. ही पुनरुक्ती मौखिक रचनेची गरज आहे. साचा स्थिर असल्यामुळे म्हणणाऱ्याला पुढील दुवा आठवतो आणि ऐकणाऱ्याला ध्रुपद केव्हा येणार याची चाहूल लागते. पुढे म्हणणारा एकामागून एक पुरावा मांडतो व समुदाय दरवेळी निवाडा देतो. हा निवाडा समुदायाच्या स्वतःच्याच आचरणाविरुद्ध आहे, यात या भजनाची खरी धार आहे. उपदेशकाने हेच वाक्य व्यासपीठावरून उच्चारले असते तर ती ताडना ठरली असती. येथे ती आत्मपरीक्षा होते.

४. नाममुद्रा : समारोप आणि स्वामित्व

ध्रुपद परत परत येते, कडव्यांच्या संख्येत गायनप्रसंगानुसार काटछाट होऊ शकते. नाममुद्रा मात्र शेवटीच येते. ‘तुकड्या’ हा शब्द येताच समारोप जवळ आल्याचे साथीदारांना कळते. वरखेडचे आडकोजी महाराज यांनी भाकरीच्या तुकड्यावरून हे नाव दिले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. नामदेव, तुकाराम यांच्या मुद्रांप्रमाणेच ही मुद्रा कर्तृत्वाची नोंद करते, परंतु ते कर्तृत्व भिक्षेच्या तुकड्याएवढे लहान करूनच. महाराजांच्या पश्चात ही भजने गावोगावच्या मंडळांच्या मुखी राहिली. तेथे संहिता ओळखण्याची आणि ती इतर रचनांपासून वेगळी राखण्याची मोठी जबाबदारी या एका शब्दावर येते.

५. मुद्रित संहितेची मर्यादा

‘ग्रामगीता’ या ४१ अध्यायांच्या ग्रंथासाठी महाराजांनी ओवी योजिली. ओवीला ध्रुपद नसते. विवेचन पुढे पुढे जात राहते. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती यांसारख्या विषयांच्या क्रमवार मांडणीला ते पोषक आहे. भजनात विचार पुढे जाण्यापेक्षा एका स्थानी परत परत येऊन दृढ होतो. एकाच कवीने दोन प्रयोजनांसाठी दोन बांधण्या निवडल्या, ही बाब त्याच्या रचनाभानाची निदर्शक आहे.

असे असताना भजनसंग्रहाच्या पृष्ठावर मात्र भजनाची हानी होते. पाच कडव्यांच्या भजनात स्वतंत्र ध्रुपद एकदा छापले जाते. गाताना ते किमान सहा वेळा येते. शिवाय त्याचा उच्चार करणारे बदलतात, याची खूण मुद्रणात कोठेही नसते. परिणामी वाचकाला कडवी लांबलेली आणि उपदेशपर भासतात, कारण त्यांना तोलणारा समुदायाचा स्वर पृष्ठावरून नाहीसा झालेला असतो. ‘प्रचारकी व पुनरुक्त’ असा शेरा कित्येकदा या हरवलेल्या अर्ध्या भागामुळे पडतो.

म्हणून या भजनांच्या अभ्यासात, विशेषतः पदव्युत्तर वर्गातील अध्यापनात, प्रत्येक घटकापुढे तो कोण म्हणतो याची नोंद करणारी संहिता तयार करणे अगत्याचे आहे. गुरुकुंजातील व परिसरातील भजनी मंडळांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण आणि छापील पाठ यांची तुलना हा त्याचा पहिला टप्पा होय. ही भजने मुखोद्गत असणारी पिढी वृद्ध होत आहे. छापील शब्द ग्रंथालयात टिकतील. परंतु ध्रुपद कोठे उचलावयाचे, कोठे सोडावयाचे आणि नाममुद्रेनंतर खंजिरी कशी थांबवावयाची, हे ज्ञान त्या पिढीच्या कंठात व हातांत आहे. त्याची नोंद झाल्यावरच या रचनांचे वाङ्मयीन मूल्यमापन पूर्ण संहितेच्या आधारे करता येईल.