खेळ मुफ्त, टोपी विकत : कोरियाच्या नेक्सॉन कंपनीचा कारोबार

मोबाईलवरचा खेळ मुफ्त असतो असे मुले सांगतात, आणि महिनाअखेरीस वडिलांच्या खात्यातून पैसे गेलेले दिसतात. हा धंदा चालतो कसा, हे आम्ही कापडवाल्याच्या नजरेने पाहिले. त्याची एक जुनी पेढी दक्षिण कोरियात आहे.

1994 मध्ये किम जुंग-जू यांनी सेऊल येथे नेक्सॉन कंपनी काढली. 1996 मध्ये तिचा 'किंगडम ऑफ द विंड्स' हा खेळ आला. त्यात पुष्कळ लोक एकाच वेळी तारेवरून एकत्र खेळत. त्या काळी खेळणाऱ्याने महिन्याची फी भरावी असा सरळ हिशेब होता.

1999 मध्ये 'क्विझक्विझ' हा प्रश्नोत्तरांचा खेळ निघाला. त्यावर फी लावताच गिऱ्हाईक पळाले. तेव्हा कंपनीने हिशेब उलटा केला. खेळ सर्वांना मोकळा, पण आपल्या बाहुल्याला निराळा पोशाख, टोपी हवी असेल तर दाम मोजा. आमच्या धंद्यातले लोक हसतील, पण हे कापडच विकणे झाले, फक्त त्याला ना सूत, ना वाहतूक, ना गोदामाचे भाडे. एकदा काढलेली टोपी लाख वेळा विकली तरी माल संपत नाही. शंभरातले बहुतेक लोक काहीच घेत नाहीत. पण त्यांच्यामुळे बाजार भरलेला राहतो, आणि भरल्या बाजारातच नवा पोशाख मिरवावासा वाटतो. ईदच्या आधीच्या गर्दीत बसलेल्या दुकानदाराला हे वेगळे सांगायला नको.

2003 मध्ये 'मेपलस्टोरी' आणि 2004 मध्ये गाड्यांच्या शर्यतीचा 'कार्टरायडर' हे खेळ आले आणि कोरियात घरोघर गेले. मुलांपाशी बँकेचे कार्ड नसते, म्हणून अमेरिकेत कंपनीने दुकानांतून आगाऊ पैशांची कार्डे विकली. 2008 मध्ये तिने 'डंजन अँड फायटर' बनविणारी निओपल कंपनी विकत घेतली. चीनमध्ये त्या खेळाने अमाप कमाई दिली. डिसेंबर 2011 मध्ये टोकियोच्या शेअर बाजारात नोंदणी करून नेक्सॉनने सुमारे 9,100 कोटी येन उभे केले.

इथवर आम्हांला तक्रार नाही. गिऱ्हाईक टोपी पाहून घेतो, पटली नाही तर सोडतो.

मामला बिघडला तो बंद गाठीपासून. 2010 मध्ये मेपलस्टोरीत 'क्यूब' आला. तो पैसे देऊन घ्यायचा आणि आपल्या हत्यारावर वापरायचा. कोणता गुण निघेल ते नशिबावर. फिकहच्या किताबांत ज्याला गरर म्हणतात, ते हेच. आम्हीही एके काळी कटपीसचे शिवलेले गठ्ठे न उघडता विकले आहेत. वर चांगला तुकडा, आत काय ते अल्लाह जाणे. तेव्हा आम्हांला ती हुशारी वाटे. एका विधवा गिऱ्हाइकाने गठ्ठा परत आणून गादीवर उघडून दाखविला, तेव्हा आमच्याने मान वर करवली नाही. पण आमच्या गठ्ठ्यात निदान थोडे तरी कापड होते. कोरियाच्या स्पर्धा आयोगाच्या तपासात निघाले की कंपनीने लोकांना न सांगता क्यूबचे प्रमाण बदलले, आणि 2011 पासून 2021 पर्यंत काही हवेसे मेळ निघण्याची शक्यता शून्यच ठेवली. लोक दहा वर्षे पैसे टाकत राहिले, आणि जे निघणारच नव्हते त्याची वाट पाहत राहिले.

किम जुंग-जू 2022 च्या फेब्रुवारीत वारले. वारसांनी कराचा मोठा भाग शेअर देऊन भरला, त्यामुळे 2023 मध्ये मूळ मालक कंपनीचे 29 टक्क्यांहून अधिक शेअर कोरियन सरकारकडे गेले. जानेवारी 2024 मध्ये आयोगाने क्यूबच्या प्रकरणी नेक्सॉनला सुमारे 1,160 कोटी वोन दंड केला. त्याच वर्षी 22 मार्चपासून कोरियात कायदा लागू झाला, की नशिबाची वस्तू विकणाऱ्याने कोणती चीज किती टक्के निघते ते लिहून दाखवावे.