कोंबडीच्या गळ्यातला गोळा

प्रश्न : धानाची मळणी झाल्यापासून आमची पाळीव कोंबडी मलूल आहे. गळ्याखाली टणक गोळा आलाय, दाण्याला तोंड लावत नाही. शेजारी म्हणतात, मानमोडी आहे, कापून टाका. मुलगी रडतेय. काय करू?
– एक वाचक भगिनी, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

उत्तर : ताई, घाई करू नका. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, मान पिळवटते, हिरवट हगवण लागते, एकामागून एक कोंबड्या पडतात. तुमच्या कोंबडीच्या अन्नपिशवीत बहुधा तणसाचा गुंता अडकलाय. मळणीच्या दिवसांत खळ्यावर चरणाऱ्या कोंबड्यांना हे होतं.

तिला वेगळी ठेवा. सकाळी काही खाण्याआधी पिशवी चाचपा. निरोगी कोंबडीची तेव्हा रिकामी असते. टणक असेल तर दिवसभर दाणा बंद, स्वच्छ पाणी मात्र समोर हवंच. दिवसातून तीन-चारदा बोटांनी हलकेच चोळा. गोळा मऊ पडून उतरला की मऊ भात थोडा थोडा द्या, सोबत बारीक खडे ठेवा. पेषणीत दाणा दळायला तेच लागतात.

उलटी धरून ओकवू नका, घशात तेल-पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी दगावते. पिशवी लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास असेल, तर ती बुरशी असू शकते. त्यावर प्रतिजैविकं चालत नाहीत, उलट त्रास वाढतो. तेव्हा, किंवा चोवीस तासांत गोळा उतरला नाही तर, तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. वेळेवर नेलेल्या बहुतेक कोंबड्या सावरतात, हे मुलीलाही सांगा.