दुधाच्या हिशोबाचा कोड कुठं ठेवावा?

पुणे

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

आष्टीत बसून दूध संकलन केंद्रासाठी फॅट-एसएनएफवरून दर काढणारा प्रोग्रॅम तू एकट्यानं उभा केलास, याचं कौतुक आहेच. पण ‘कोड गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात ठेवला की झालं, गिट कशाला?’ असं विचारतोस, तर नाही झालं.

ड्राइव्ह काय, सिंकथिंग काय, दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवणं हे त्यांचं काम. तू इथं दराचं सूत्र चुकून खोडलंस की ते तिकडंही इमानेइतबारे खोडतात. ड्राइव्ह एकेका फायलीच्या जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवतं. पण मागच्या पगाराला दर, पावती आणि खातं या तिन्ही फायली एकमेकींशी जुळत्या कशा होत्या, ते एकत्र मिळत नाही. गिटचा एक कमिट तेवढंच सांभाळतो. शिवाय कमिटला नेट लागत नाही. लाईट गेली तरी बॅटरीवर काम चालतं.

लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या भल्यामोठ्या गोतावळ्यासाठी. तुला ॲड, कमिट, लॉग, डिफ आणि पुश एवढं पुरे. ब्रँचच्या फंदात आत्ता पडू नकोस. खरं सांगू, मला मनातून गिटसारखंच दुसरं साधन, मर्क्युरिअल आवडतं, शिकायला सरळ आहे. पण बिटबकेट या कोड ठेवायच्या साइटनं २०२० मध्ये त्याचा आधार काढून घेतला, आणि अडलास तर विचारायला गिटवालाच भेटेल.

मात्र गिटचं फोल्डर ड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नकोस. आत असंख्य बारीक फायली असतात. मध्येच नेट गेलं की निम्म्या वर, निम्म्या खाली, आणि रेपॉझिटरी बिघडते. त्यापेक्षा पेनड्राइव्हवर ‘बेअर’ रेपॉझिटरी कर आणि संध्याकाळचं संकलन आटोपलं की पुश कर. दुसरी प्रत गिटहबवर खासगी ठेव. २०१९ पासून त्याला पैसे पडत नाहीत. पण फक्त तिच्यावर विसंबू नकोस. गूगल कोडही २०१६ मध्ये बंद झालंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेतकऱ्यांची नावं, बँक खात्यांचे नंबर, पासवर्ड यातलं काहीही गिटमध्ये जाता कामा नये. पहिल्या कमिटच्या आधीच ‘गिटइग्नोर’ फायलीत डेटाबेसचं नाव घाल. एकदा आत गेलं की नंतर पुसलं तरी जुन्या कमिटमध्ये राहतं. त्या एसक्यूलाईट डेटाबेसची प्रत वेगळी काढ, आणि सकाळी नोंदी चालू असताना फाईल तशीच कॉपी करू नकोस; एसक्यूलाईटची स्वतःची ‘बॅकअप’ कमांड आहे, ती वापर.

कमिटच्या टिपणात नुसतं ‘बदल केला’ लिहू नकोस. ‘म्हशीच्या दुधाचा दर बदलला, डेअरीचं नवं दरपत्रक’ असं कारण लिही. मराठीत लिहिलंस तरी चालतं.

दिवाळीला येताना तो पेनड्राइव्ह घेऊन ये. माझ्या लॅपटॉपवर त्यावरून क्लोन करू आणि प्रोग्रॅम चालतो का बघू. कुठली फाईल कमिट करायची राहिली असेल तर तेव्हाच कळेल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा