चावू द्या, पण काय ते तुम्ही ठरवा

आमच्या लालबर्रा भागात कुत्रं पाळतात ते मुख्यतः राखणीसाठी. धानाची कोठी आहे, गोठा आहे, ओसरीवर पोती रचलेली असतात, तेव्हा दारात एक कुत्रा हवाच. पिल्लू येतं, पोरं त्याला दिवसभर उचलून फिरवतात आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. चप्पल फाडली, चार्जर कुरतडला, सतरंजीचा कोपरा खाल्ला. मग शेजारपाजारचे सल्ले येतात: दोन रट्टे द्या, वस्तूंना तिखट लावून ठेवा, नाहीतर बाहेर बांधून टाका. आमच्या शेरूच्या वेळीही हे सगळं ऐकायला मिळालं. पण त्याच्यावर जे बेतलं त्याचा चपलेशी काही संबंध नव्हता. पिल्लू पाळणाऱ्या प्रत्येक घराला ते माहीत असायला हवं, म्हणून लिहिते आहे.

डिसेंबरचे दिवस होते. सरकारी खरेदीच्या उपार्जन केंद्रावर धान न्यायचं म्हणून ओसरीवर बारदाना पसरला होता. पोती भरायची, तोंडं शिवायची, असं काम दोन-तीन दिवस चाललं होतं. शेरू तेव्हा साडेचार-पाच महिन्यांचा. सुतळीचे तुकडे सगळीकडे पडलेले, तो त्यांच्याशी खेळत होता आणि कामाच्या गडबडीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं भाताला तोंड लावलं नाही. प्यालेलं पाणीही उलटून टाकलं. पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात उभा राहायचा, पोटाला हात लावला की कण्हायचा. तोंड उघडून पाहिलं तर जिभेच्या मुळाशी सुतळीचा एक फेर अडकलेला आणि तिचं टोक घशात गेलेलं.

माझ्या दिरानं ते ओढून काढायला हात घातला, पण मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याचा हात धरला. वासराच्या पोटात दोरी गेलेली त्यांनी पूर्वी पाहिली होती. "ओढू नको, आतून फाटेल," एवढंच ते म्हणाले. त्या एका वाक्यानं शेरू वाचला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की सुतळीचं एक टोक जिभेला अडकून राहतं आणि आतडं मात्र अन्न पुढे ढकलायचं काम करतच असतं. मग परकराच्या नाडीवर चुण्या गोळा व्हाव्यात तसं आतडं त्या दोरीवर गोळा होतं. अशात टोक ओढलं की ताणलेली दोरी आतडं कापते. शेरूला नागपूरला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचला. आज अंगणात कोण आलं हे आमच्या आधी त्याला कळतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा: पिल्लाच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा, सुतळी, साडीचा धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कापायचाही नाही, कारण मग टोक आत सरकतं आणि डॉक्टरांना सापडत नाही. पिल्लाला काही खायला न देता तसंच दवाखान्यात न्यायचं.

आता पिल्लू का चावतं, ते पाहू. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या सुजतात, खाजतात, दुखतात. काही चावलं की बरं वाटतं. ओसरी झाडताना एखादा बारीक पांढरा दात सापडतो, चावलेल्या चपलेवर रक्ताचा ठिपका दिसतो, तेव्हा समजावं की दात बदलताहेत. पक्के दात आले तरी चावणं लगेच थांबत नाही. वर्ष-दीड वर्षापर्यंत पिल्लू जग ओळखतं ते तोंडानंच, कारण वस्तू उचलून पाहायला त्याला हात नाहीत. म्हणून चावणं बंद करायचा नाद सोडा. ते बंद होणार नाही आणि व्हायलाही नको. काय चावायचं, हे मात्र आपल्या हातात आहे.

रट्ट्यानं यातलं काहीच साधत नाही. आपण शेतावरून येतो, फाटलेली चप्पल दिसते, पिल्लाला धरून मारतो. पिल्लानं चप्पल फाडून तास झालेला असतो. मार आणि चप्पल यांचा संबंध त्याला लागतच नाही, त्याला एवढंच कळतं की माणूस घरी आला की मार बसतो. "पण बघा ना, कान पाडून कसं अपराध्यासारखं बसलंय!" असं आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधक बाईंनी २००९ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्यानं खरोखर चूक केली होती की नाही, यावर तो चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की निर्दोष कुत्रंही तसाच चेहरा करायचं. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती भीती असते. मार खाणारं पिल्लू चावायचं सोडत नाही, आपल्यासमोर चावायचं तेवढं सोडतं. मग ते पलंगाखाली जाऊन चावतं आणि तोंडात काय आहे हे दिसायच्या आत गिळून टाकतं. सुतळी असो की गोळी, लपून गिळलेली वस्तूच जिवावर बेतते.

तिखट लावण्यानं डोळे आणि नाक भाजतात, शिकवण काहीच मिळत नाही. मुक्या जिवाला विनाकारण यातना देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. राहिला बाहेर बांधण्याचा सल्ला. आपल्याकडे तो साफ चुकीचा आहे. सोनेवानीचं जंगल लालबर्ऱ्यापासून लांब नाही आणि बिबट्याला कुत्र्याहून सोपी शिकार मिळत नाही. अंगणात साखळीला बांधलेलं पिल्लू म्हणजे त्याच्यापुढे वाढून ठेवलेलं ताट. शिवाय दिवसभर बांधलेलं पिल्लू कंटाळतं, भुंकतं आणि सोडल्याबरोबर दुप्पट नासधूस करतं.

मग करायचं काय? सर्वांत आधी जमीन मोकळी करा. पिल्लाच्या उंचीवर बसून एकदा घर बघा, म्हणजे काय काय त्याच्या तोंडाला लागू शकतं ते दिसेल. शेतकऱ्याच्या घरात चपलेपेक्षा कितीतरी घातक वस्तू जमिनीवर असतात. उंदरांसाठी ठेवलेल्या आमिषात झिंक फॉस्फाईड असतं आणि धान्यात ठेवतात त्या गोळ्यांत अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाईड. पोटात गेलं की दोन्हींतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. असं पिल्लू ओकलं तर तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून दारं-खिडक्या उघडून आधी पोरांना बाहेर काढा. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आणखी फसव्या. पिल्लू दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. वेळेत गेलं तर जीवनसत्त्व के-१ देऊन वाचवता येतं, म्हणून वडी कुरतडलेली दिसताच निघा, लक्षणांची वाट पाहू नका आणि वडीचं पाकीट सोबत न्या. फवारणीचे डबे, हातमोजे, औषध लावलेलं बियाणं कुलपात किंवा उंच फळीवर ठेवा.

घरातलंही बघा. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या, डांबरगोळ्या, घड्याळाचे बटण सेल, चॉकलेट, मनुका, झायलिटॉल घातलेलं साखरविरहित च्युइंगगम, हे सगळं कुत्र्याला विष आहे. उन्हाळ्यात कूलरची वायर जमिनीवरून जाते आणि खाली पाणी सांडलेलं असतं. वायर पाइपातून न्या किंवा भिंतीला वर ठोकून घ्या. पिल्लाला झटका बसलाच तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. नंतर ते बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं.

दुसरं काम, त्याला त्याच्या हक्काचं चावायला द्या. गार केलेलं अख्खं गाजर उत्तम. जाड रबराचं पोकळ खेळणं मिळतं, त्यात बिनमिठाचा दहीभात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि गोठल्यावर द्या. दुखऱ्या हिरड्यांना गारवा मिळतो आणि पिल्लू बराच वेळ त्यात गुंतून राहतं. खेळणं नेहमी पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं घ्या. कडकपणा ओळखायची सोपी रीत म्हणजे अंगठ्याचं नख त्यात रुतलं पाहिजे. रुतत नसेल तर ते दाताला कठीण आहे. याच कारणानं मटणाची नळी देऊ नये, तिच्यानं दाढ चिरते आणि गोल तुकडा खालच्या जबड्यात अडकतो. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात. बांबूची काडी आपल्या अंगणात सहज सापडते, तिचीही कुसळं टाळूत घुसतात. दोरीची खेळणी बाजारात मिळतात, पण धागे सुटायला लागले की फेकून द्या. त्या धाग्यांनी काय होतं ते आम्ही भोगलं आहे. आणि जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कोणती, नवी कोणती हे पिल्लाला कसं कळणार?

तिसरं, हिसकावू नका, बदला करा. पिल्लानं नको ती वस्तू पकडली की मागे धावायचं नाही. धावलं की त्याला खेळ वाटतो किंवा भीती वाटते, आणि दोन्हींत ते वस्तू गिळतं. खाली बसा, पोळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाकाजवळ धरा, "सोड" म्हणा. तोंड उघडलं की तुकडा द्या आणि लगेच त्याचं खेळणं समोर ठेवा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजी "टाक" म्हणणार, पोरगा "छोड" म्हणणार, तर पिल्लू गोंधळणारच. आमच्याकडे ही सवय सगळ्यांना लागायला वेळ गेला. पण आता शेरूच्या तोंडात काही दिसलं की धाकटा मुलगासुद्धा जागीच खाली बसतो आणि शेरू स्वतःहून वस्तू आणून ठेवतो.

यासोबत दिवसाची घडी हवी. सकाळ-संध्याकाळ फिरणं, थोडा वेळ खेळ, वेळेवर खाणं आणि भरपूर झोप. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. झोपमोड झालेलं पिल्लूच जास्त चावतं, म्हणून पोरांनी झोपलेल्या पिल्लाला उचलू नये. घरात लक्ष द्यायला कुणी नसेल तेव्हा खोलीचा एक कोपरा आडोसा लावून त्याच्यासाठी मोकळा ठेवा आणि तिथे पाणी, खेळणं, गोणपाट एवढंच असू द्या. पिल्लू सतत माती किंवा कापड खात असेल तर जंताचं औषध राहिलं आहे का ते बघा. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या. खेळताना पोराच्या हाताला दात लागून रक्त आलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि माणसांच्या दवाखान्यात दाखवा.

पिल्लानं काही गिळल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मिठानंच विषबाधा होते. सरकारी पशुचिकित्सालय गाठा, ते जवळ नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

चप्पल पुन्हा विकत मिळते. यंदा बारदाना उघडाल तेव्हा पोती मोजण्याआधी खाली पडलेली सुतळी गोळा करा, एवढी माझी विनंती आहे.